गुडघ्याचं ऐकलं, ओटीपोटाचं राहिलं

१९४८ साली सांध्यांच्या वैद्यकात आणि स्त्रीरोगशास्त्रात एकेक मोठी गोष्ट घडली. सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने आखडून गेलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन टोचलं. आठवडाभरात ती बाजारात खरेदीला गेली आणि १९५० मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. १९४८ मध्येच लॉस एंजेलिसच्या आर्नोल्ड केगेल यांनी एक निबंध छापला. बाळंतपणानंतर सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट होतात आणि लघवी सुटणं थांबू शकतं, असं त्यात होतं. कॉर्टिझोनची बातमी जगभर गेली. केगेलचा व्यायाम कुजबुजतच पसरला.

आपल्याकडेही या दोन वाटा वेगळ्याच राहिल्या. अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांचं गर्भाशय न काढता ते वर बांधून घ्यायच्या शस्त्रक्रिया मुंबईत वि. ना. शिरोडकर आणि पुरंदरे यांनी रूढ केल्या. पाठ्यपुस्तकांत आजही त्यांची नावं आहेत. टाक्यांना मिळालेला हा मान व्यायामाला मात्र कधी मिळाला नाही. १९८९ मध्ये राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन संधिवाताची पाहणी केली. दोन्ही कामं थोरच. पण एकाने ओटीपोट विचारलं, दुसऱ्याने सांधे. दोन्ही दुखणी एकाच बाईची असली तर तिचं काय, हे त्यात यायचं राहिलं.

अशी बाई सुरतेत शोधायला लांब जावं लागत नाही. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यांपासून राहतात. पुरुष लूमवर, मिलमध्ये. बाई घरीच मांडी घालून साड्यांवर खडे चिकटवते, लेस लावते, धागे कापते. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो, त्याच जातीचा ल्युपस तर त्याहून कितीतरी जास्त. बोटं आखडली की काम सुटतं, एवढं सगळ्यांना दिसतं. त्याच बोटांनी परकराच्या नाडीची गाठ सुटत नाही, हे दिसत नाही. लघवीची घाई झालेली, गुडघे उठू देत नाहीत, संडास चाळीच्या टोकाला, तिथेही उकिडवं बसायचं. मूत्राशय धडधाकट असूनही लुगडं ओलं होतं. १९९४ च्या प्लेगनंतर एस. आर. राव आयुक्त असताना सुरतेने जी स्वच्छता करून दाखवली तिचं कौतुक देशभर झालं, पण आखडलेल्या गुडघ्यांना धरायला दांडी लागते, हे कुठल्याच शहराच्या हिशेबात नव्हतं.

बाकी नुकसान आतून होतं. कॉर्टिझोनसारखं स्टेरॉइड फार दिवस घेतलं की स्नायू कमजोर होतात, वजन वाढतं. फुप्फुसात आजार उतरला तर खोकल्याच्या प्रत्येक उबळीचा दाब खालीच जातो. स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णिलेल्या आजारात डोळे-तोंड कोरडं पडतं हे डॉक्टर विचारतात. योनीही कोरडी पडते, संबंध दुखरे होतात, हे बहुधा विचारलं जात नाही. कातडी घट्ट करणाऱ्या स्क्लेरोडर्मात गुदद्वाराचा आतला स्नायू पातळ होऊन शौच नकळत सुटतं. हा स्नायू आपल्या इच्छेने आवळता येत नाही, म्हणून तिथे नुसत्या केगेलवर भिस्त ठेवून भागत नाही. उलट काहींचे तळाचे स्नायू दुखण्याने आधीच ताठलेले असतात. त्यांना आवळायला सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. आधी सैल सोडायला शिकवावं लागतं. ‘दिवसातून दहा वेळा आवळा’ असं चिठ्ठीवर लिहून देण्याची पद्धत मला म्हणूनच पटत नाही. हात लावून तपासणारी, कळ ओळखणारी फिजिओथेरपिस्ट हवी.

बायकांनी आपला उपाय केव्हाच शोधलाय: पाणी कमी पिणं. त्याने लघवी जळजळते, बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं आणि अंग आणखी खाली येतं.

गेल्या तीसेक वर्षांत आमवातावर मेथोट्रेक्सेट हे औषध रुळलं, स्टेरॉइडचे डोस उतरले, सांधे बऱ्यापैकी ताब्यात आले. बाई पुन्हा चालू लागली, लग्नाकार्याला जाऊ लागली, तेव्हा इतकी वर्षं घरात झाकलेली ही अडचण चारचौघांत अडवू लागली. तरी सांध्यांच्या ओपीडीत ती बोलत नाही, आणि सुरतेत त्याला आणखी एक कारण आहे. आई घरात अहिराणी बोलते, डॉक्टर गुजराती किंवा हिंदी, आणि मध्ये दुभाष्या म्हणून उभा असतो शिकलेला मुलगा. गुडघा किती सुजला हे ती त्याच्या तोंडून सांगते. खोकल्यावर लघवी सुटते, हे कसं सांगणार? त्याला आधी औषधाच्या खिडकीवर पाठवावं, मराठी बोलणाऱ्या सिस्टरला आत बोलवावं आणि मग विचारावं.