परघरीं ठेवलेलें कांसव

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या गांवांतील कित्येक घरांना कुलुपें लागतात. मंडळी लग्नकार्यास किंवा यात्रेस निघतात. गाय असली तर ती ओळखीच्या गुराख्याकडे जाते, कुत्रा शेजारीं राहतो. परंतु अलीकडे कांहीं घरांतून कांचेच्या पेटींत एक निराळाच जीव दिसूं लागला आहे. डोळ्यामागें तांबडा पट्टा असलेलें हें हिरवें कांसव मूळचें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. बाजारांत त्यास रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. तें ओरडत नाहीं, चावावयास धांवत नाहीं, एखादा दिवस उपाशी राहिलें तरी तक्रार करीत नाहीं. तेव्हां कोणाकडेहि टोपलींत घालून ठेवलें तरी चालेल, असा सर्वांचा समज असतो. हा समजच पुष्कळदां त्याच्या जिवावर उठतो.

मनुष्य, गाय, कुत्रा यांच्या देहांत उष्णतेची स्वतःची शेगडी असते. कांसव, सरडा, साप या सरपटणाऱ्या प्राण्यांना ती नाहीं. भोंवतालची ऊब तीच त्यांची ऊब. अन्न पचणें, जखम भरून येणें, रोगजंतूंशीं झुंजणें हीं सारीं कामें या उसन्या उबेवर चालतात. स्लायडर जातीच्या कांसवास पोहण्यास सुमारें २४ ते २८ अंश सेल्सिअसचें पाणी लागतें, आणि वर चढून अंग शेकण्यास ३० अंशांहून थोडी अधिक ऊब असलेली कोरडी जागा लागते. जागा बदलली कीं त्याच्या देहाचा सारा कारभार बदलतो.

भंडाऱ्याकडील हवा तर दोन्ही टोंकांची. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं गच्चीवर ठेवलेल्या घमेल्यांतलें उथळ पाणी थोड्याच वेळांत तापतें, आणि तें ४० अंशांपलीकडे गेलें कीं कांसव दगावतें. उलट त्याची पेटी कुलरच्या ओल्या झोतासमोर ठेवली, किंवा पौषाच्या थंडींत ओसरीवर ठेवली, तर पचन मंदावतें, पोटांतलें अन्न कुजतें आणि फुप्फुसांस सूज येते. कांसवाला आपल्यासारखें खोकून कफ बाहेर टाकतां येत नाहीं. म्हणून हा विकार चटकन बळावतो. नाकाशीं बुडबुडे येणें, तोंड उघडून श्वास घेणें, पाण्यांत एका कुशीवर कललेलें तरंगणें, हीं त्याचीं लक्षणें होत.

दुसरा धोका खाण्याचा व उजेडाचा. सांभाळणारा प्रेमानें पाव, भात किंवा नुसते सुके झिंगे घालीत राहतो. त्यांत 'अ' जीवनसत्त्व पुरेसें नसल्यास पापण्या सुजून डोळे मिटतात, आणि डोळे मिटले कीं कांसव खाणेंहि सोडतें. कवचाला चुना व 'ड' जीवनसत्त्व लागतें. तें 'ड' जीवनसत्त्व सूर्याच्या अतिनील किरणांनीं त्वचेंत तयार होतें. खिडकीची कांच हे किरण अडविते. मुक्काम महिनोन्‌महिने लांबला तर वाढत्या पिलाचें कवच मऊ पडतें, हाडें वांकतात.

तिसरा धोका सोबत्यांचा. मासे व कांसवें विकणाऱ्या दुकानांत, किंवा अनेक प्राणी सांभाळणाऱ्याच्या घरीं, एकच जाळी आणि एकच बादली सर्व पेट्यांतून फिरते. रोग वरून धडधाकट दिसणाऱ्या प्राण्याकडूनहि येतो. यास्तव परत आणलेलें कांसव निदान महिनाभर इतर प्राण्यांपासून वेगळें ठेवावें.

चौथा धोका माणसांचा. कांसवें स्वतः आजारी न पडतां साल्मोनेला नांवाचे जंतु बाळगूं शकतात. त्यांपासून मुलांना ताप व अतिसार होतो. याच कारणास्तव अमेरिकेनें १९७५ सालीं चार इंचांहून लहान कवचाच्या कांसवांच्या विक्रीस बंदी घातली. पांच वर्षांच्या आंतील मूल ज्या घरीं आहे, तेथें कांसव ठेवावयास देऊंच नये. पेटीचें पाणी स्वयंपाकघरांतील मोरींत ओतूं नये. हात साबणानें धुवावेत.

मग प्रवासास निघणाऱ्या गृहस्थानें काय करावें? आठवड्याचाच प्रवास असेल तर निरोगी, पूर्ण वाढलेल्या कांसवास हलवूंच नये. ओळखीच्या माणसानें रोज येऊन पाणी, दिवा व उष्णतामापक पाहावा. अधिक दिवसांचा मुक्काम असेल तर कांसवाबरोबर त्याची पेटी, दिवा, जाळी व अन्न हीं सर्व पाठवावीं, आणि अन्नाचें प्रमाण, पाण्याची ऊब व पशुवैद्याचें नांव एका चिठ्ठीवर लिहून द्यावें. जातांना व आल्यावर स्वयंपाकघरांतील कांट्याशिवाय वेगळ्या कांट्यावर त्याचें वजन करावें. आजार लपविणाऱ्या या प्राण्याचें गुपित वजनच प्रथम फोडतें. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला वैद्य कोठें मिळेल, याची चौकशी आधींच करून ठेवावी. नागपूर येथें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, व तें भंडाऱ्याहून साठ-बासष्ट किलोमीटरवरच आहे.

मात्र ही सारी चर्चा परदेशी कांसवापुरतीच. पाठीवर तारे असलेलें देशी कांसव, किंवा बोडींत व तलावांत सांपडणारें मऊ पाठीचें कांसव घरीं बाळगणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे.

सर्वांत मोठें संकट येतें तें सांभाळणारा कंटाळल्यावर. पेटींतला तो जीव वीस-तीस वर्षें जगतो आणि ताटाएवढा होतो. मग कोणी तरी "सुटका केली" असें म्हणून त्यास वैनगंगेंत किंवा कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेल्या मालगुजारी तलावांत सोडून देतें. घरांत वाढलेलें कांसव तेथें बहुधा उपासमारीनें वा रोगानें मरतें. जगलेंच तर देशी कांसवांच्या अन्नावर व उन्हाच्या जागेवर हक्क सांगतें, आणि आपले रोगहि त्यांना देतें. ठेवणें अशक्य झालें तर वनखात्याकडे विचारणा करावी, पण तलावाचा रस्ता धरूं नये. आणि दुकानांत मूल हट्ट करीत असतांनाच घरच्या वडीलधाऱ्यांनीं एक हिशेब मांडावा: पुढील वीस उन्हाळे हें कांसव कोणाकडे राहील? उत्तर सुचत नसेल तर तें दुकानांतच राहूं द्यावें.