उंची सारखी, पदक वेगळं

मैदानाचं गणित : लेखांक ६

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की पनवेलच्या मैदानांवर उंच उडीच्या काठीजवळ एक वाद ठरलेला. दोन मुलांनी सारखीच उंची पार केलेली असते, तरी एकाला पहिला क्रमांक मिळतो आणि दुसऱ्याला दुसरा. पालक पंचांकडे जातात, "अहो सर, दोघांनीही तेवढीच मारली की!" पंच हातातला तक्ता पुढे करतात. त्यावर गोल, फुल्या आणि आडव्या रेघा असतात. हा तक्ता वाचायचा कसा ते आज पाहू, आणि त्यासाठी थेट १९८३ सालच्या हेलसिंकीला जाऊ. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतलं पुरुषांच्या उंच उडीचं अगदी पहिलं सुवर्णपदक अशाच तक्त्यावर ठरलं होतं.

अॅथलेटिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना १९१२ साली स्थापन झाली, पण सगळ्या क्रीडाप्रकारांची स्वतःची जागतिक स्पर्धा भरवायला तिला १९८३ साल उजाडावं लागलं. तोवर ऑलिंपिक जिंकणारा तोच जगज्जेता मानला जाई. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिका, पश्चिम जर्मनी, चीन यांनी बहिष्कार टाकला. १९८४ च्या लॉस एंजेलिसला सोव्हिएत संघ गेला नाही. या दोन बहिष्कारांच्या मधल्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमवर सगळे एकत्र आले. म्हणून मला ही स्पर्धा त्या काळातल्या दोन्ही ऑलिंपिकपेक्षा मोलाची वाटते. कोण खरोखर वरचढ, हे तिथेच कळणार होतं.

उंच उडीत सगळ्यांच्या नजरा चीनच्या झू जियानहुआवर होत्या. भारतीय प्रेक्षकांना तो नवा नव्हता. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर त्याने २.३३ मीटर उडी मारून सुवर्ण जिंकलं होतं. त्याच दिल्लीत १९५१ साली झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सचा आंद्रेस फ्रांको १.९३ मीटरवर विजेता ठरला होता. म्हणजे एकतीस वर्षांत एकाच शहरात काठी चाळीस सेंटिमीटर वर सरकली. मधल्या काळात आपलेही दोघे आशियाई विजेते झाले : १९५४ साली मनिलात अजित सिंग १.९५ मीटरवर आणि १९६६ साली बँकॉकमध्ये भीम सिंग २.०५ मीटरवर. ही नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवी होती.

दिल्लीनंतर जून १९८३ मध्ये झूने बीजिंगला २.३७ मीटरचा विश्वविक्रम केला. हेलसिंकीत तो विश्वविक्रमवीर म्हणूनच उतरला. त्याच्यासमोर पश्चिम जर्मनीचा डिटमार मोगेनबुर्ग होता, अमेरिकेचा टाइक पीकॉक होता आणि सोव्हिएत संघाचा गेन्नादी अव्देयेंको नावाचा १९ वर्षांचा मुलगा होता. ओडेसाच्या या मुलाचं नाव बाहेरच्या जगात फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

निकाल असा लागला. अव्देयेंको २.३२, सुवर्ण. पीकॉक २.३२, रौप्य. झू २.२९, कांस्य. मोगेनबुर्ग २.२९, चौथा. पहिल्या दोघांची उंची सारखी, पुढच्या दोघांचीही सारखी. सोनं कुणाचं आणि पदकाविना परत कोण जाणार, दोन्ही गोष्टी चुकांच्या हिशोबावर ठरल्या. आठ महिन्यांपूर्वी दिल्लीत मारलेली उडी झूला हेलसिंकीत साधली असती तर २.३२ ची काठी त्यानेही पार केली असती. पुढे त्याने स्वतःचा विक्रम आधी २.३८ आणि मग २.३९ पर्यंत नेला, पण जागतिक किंवा ऑलिंपिक सुवर्ण त्याच्या वाट्याला कधीच आलं नाही. विक्रमासाठी एक दिवस चांगला गेला तरी पुरतो. अजिंक्यपदासाठी मात्र ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला, भोवती प्रतिस्पर्धी असताना ती उडी मारावी लागते.

आता तक्ता. प्रत्येक उंचीवर तीन संधी असतात. काठी न पडता ओलांडली की गोल, पडली की फुली, संधी सोडून दिली की आडवी रेघ. सलग तीन फुल्या झाल्या की खेळाडू बाद, मग त्या एकाच उंचीवरच्या असोत वा नसोत. दोघांची सर्वोच्च उंची सारखी असेल तर पंच आधी त्या शेवटच्या पार केलेल्या उंचीवरच्या फुल्या पाहतात. ज्याच्या कमी, तो पुढे. तिथेही बरोबरी असेल तर सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतच्या सगळ्या फुल्या मोजतात. त्यानंतरच्या, म्हणजे ज्या उंचीवर तो बाद झाला तिथल्या फुल्या धरत नाहीत. नेमकी हीच गोष्ट पालकांना ठाऊक नसते.

समजा, दोन मुलं १.७० पार करून १.७५ ला बाद झाली. दोघांनीही १.७० दुसऱ्या संधीत मारली. पण पहिल्याने त्याआधीच्या सगळ्या उंच्या पहिल्याच संधीत ओलांडल्या आणि दुसऱ्याला सोप्या वाटणाऱ्या १.६० वर तीन संधी लागल्या. पहिल्याच्या खात्यात एक फुली, दुसऱ्याच्या तीन. क्रमांक १.६० वरच ठरून गेला होता.

एवढं करूनही पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी उरली तर पुन्हा उड्या मारून निकाल लावतात किंवा पहिला क्रमांक विभागून देतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी २.३७ वर अगदी बरोबरीत होते. त्यांनी सुवर्ण वाटून घेतलं. पॅरिसला न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन २.३६ वर अडले. ते पुन्हा धावले आणि कर जिंकला. खालच्या क्रमांकांसाठी जादा उड्या नसतात, पदक विभागूनच मिळतं. १९८७ साली रोमला स्वीडनचा पॅट्रिक शोबेरी, सोव्हिएत संघाचा इगोर पाक्लिन आणि आपला अव्देयेंको, तिघांनीही २.३८ पार केली. सोनं शोबेरीला गेलं, रौप्य उरलेल्या दोघांत वाटलं गेलं. चार वर्षांपूर्वी ज्या हिशोबाने अव्देयेंकोला जगज्जेता केलं, त्याच हिशोबाने या वेळी त्याचं सोनं गेलं. पुढच्याच वर्षी सोलला त्याने पुन्हा २.३८ मारली आणि ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. मोगेनबुर्ग तर हेलसिंकीनंतर वर्षभरातच लॉस एंजेलिसला २.३५ मारून ऑलिंपिक विजेता झाला होता.

आपल्याकडे सरावात मुलाला सतत त्याच्या सर्वोच्च उंचीवर झुंजवलं जातं. काठी वर, पुन्हा वर, पडली की पुन्हा. मला हे चुकीचं वाटतं. त्याच्या सर्वोच्च उंचीच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खालची काठी पहिल्याच संधीत, न चुकता पार करणं हा वेगळा सराव आहे आणि तो रोज व्हायला हवा. धावेची पावलं मोजलेली, खूण पक्की, पहिल्या उडीत हात राखायचा नाही. संधी केव्हा सोडायची हेही शिकवावं लागतं. सोडलेल्या उंचीची फुली लागत नाही, दमही वाचतो, पण पुढच्या उंचीवर चुकलं तर हाताशी मागची कमी उंचीच उरते.

आता आपल्या माणसाकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. सुरुवातीच्या काळात त्याच्या अंगाखाली फोमची गादी नव्हती, मक्याच्या भुसकटाची केलेली होती. पाठीवर पडायच्या फॉसबरी पद्धतीत गादी नसेल तर मान आणि मणका धोक्यात असतो, वाळूच्या खड्ड्यात ही उडी शिकवताच येत नाही. पुढे तो सैन्यात गेला. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गांधीनगरला त्याने २.२७ मारली. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत २.२५ पार करून तो अंतिम फेरीत गेला. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय उंच उडीपटू. अंतिम फेरीत त्याने २.२८ मारली. ही त्याची कारकिर्दीतली सर्वोत्तम उडी होती. २.३६ मारून हॅमिश कर जिंकला, सर्वेश सहावा आला. तेजस्विन शंकरच्या २०१८ च्या २.२९ या राष्ट्रीय विक्रमापासून तो एक सेंटिमीटर दूर राहिला. कारकिर्दीतली सर्वोत्तम उडी अंतिम फेरीच्याच दिवशी निघणं किती अवघड असतं, ते झूच्या गोष्टीत आपण पाहिलंच. सर्वेशने ते तिसाव्या वर्षी करून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात तिहेरी उडी.