संगणकाच्या गाभ्यात नवी फाइल सिस्टीम

बुऱ्हाणपूरनजीक लालबाग परिसरात १६१५ साली, मोगल अमदानीत, कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीव्यवस्था उभारण्यात आली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने एका कुंडीतून दुसरीत जात शहरापर्यंत पोहोचे. अशा वाहत्या भुयारास नवी शाखा जोडावयाची झाल्यास जुना प्रवाह गढूळ होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. संगणकाच्या क्षेत्रातही नेमका हाच प्रश्न उद्भवतो.

लिनक्स ही मुक्त प्रणाली १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केली. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. लिनक्सच्या गाभ्यास 'कर्नल' म्हणतात. कोणती नोंद डिस्कवर कोठे ठेवली आहे, याचा हिशेब ठेवणारा कर्नलचा भाग म्हणजे फाइल सिस्टीम होय. तलाठ्याच्या दप्तरात अनुक्रमणिकेचे जे स्थान, तेच येथे तिचे. इतर भागातील दोष बहुधा यंत्र पुन्हा सुरू केल्याने निस्तरतो; फाइल सिस्टीममधील दोष मात्र डिस्कवरील नोंदीच बिघडवू शकतो.

स्वतंत्र प्रत, स्वतंत्र नाव

२००१ पासून कर्नलमध्ये असलेली 'एक्स्ट-३' ही फाइल सिस्टीम विश्वासास उतरली होती. परंतु तिची कमाल मर्यादा १६ टेराबाइट होती. शिवाय ती फाइलच्या प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद ठेवी. सलग तुकड्यांची एकच नोंद ठेवण्याची सुधारणा २००६ साली पुढे आली, तेव्हा असंख्य लोकांच्या वापरातील व्यवस्थेत असे बदल करण्यास आक्षेप घेण्यात आला. अखेर जुन्या संहितेची स्वतंत्र प्रत करून तीत सुधारणा करण्याचे ठरले. नोव्हेंबर २००६ च्या २.६.१९ या आवृत्तीत ही प्रत 'एक्स्ट-४-डेव्ह' या नावाने दाखल झाली. काम अपूर्ण असल्याचा इशारा त्या नावातच होता. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ या आवृत्तीत तिला 'एक्स्ट-४' हे नाव मिळाले व ती स्थिर मानली गेली.

अपूर्ण काम गाभ्यात घ्यावेच का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कर्नल सतत बदलत असतो. बाहेर राहिलेल्या संहितेस प्रत्येक बदलाशी जुळवून घ्यावे लागते आणि तिची परीक्षा घेणारेही थोडेच मिळतात. आत आलेल्या संहितेकडे अनेक जाणकारांचे लक्ष जाते.

स्थिर झाल्यावरची कसोटी

तथापि, २००९ च्या प्रारंभी काही वापरकर्त्यांचे यंत्र अचानक बंद पडल्यावर त्यांच्या फाइली रिकाम्या आढळल्या. डिस्कवरील जागा शक्य तितक्या उशिरा ठरविण्याच्या नव्या पद्धतीमुळे मजकूर अधिक काळ केवळ स्मृतीतच राहत होता. मजकूर डिस्कवर लिहून घेण्याची स्पष्ट सूचना आज्ञावलींनी द्यावयास हवी, हे खरे. तरीही कर्नलमध्ये त्यासाठी दुरुस्त्या करण्यात आल्या.

प्रवेश म्हणजे कायमची मान्यता नव्हे. जानेवारी २०२४ च्या ६.७ या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आलेली 'बीकॅशेएफएस' ही फाइल सिस्टीम कार्यपद्धतीविषयीच्या मतभेदांनंतर २०२५ च्या अखेरीस ६.१८ मधून वगळण्यात आली. तिच्या वापरकर्त्यांना गाभ्याबाहेरील संहितेवर अवलंबून राहणे भाग पडले.

म्हणून कार्यालयीन अभिलेखांसाठी स्थिर ठरलेलीच फाइल सिस्टीम निवडावी, नवीची परीक्षा वेगळ्या यंत्रावर घ्यावी आणि दोन्ही बाबतींत नोंदींची दुसरी प्रत अन्यत्र जपून ठेवावी, हे हितावह होय.