आपली आवड, आईची आवड

चौलच्या आमच्या घरात टेपरेकॉर्डर आला तो १९८४ साली. त्याच सुमारास बाबांना अलिबागच्या कचेरीत एक गाणंवेडे स्नेही भेटले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दोघांची देवघेव सुरू झाली. सकाळच्या एसटीने जाताना बाबांच्या डब्याच्या पिशवीत एक कॅसेट असे, संध्याकाळी दुसरी येई. सोबत चिठ्ठी : 'दुसरी बाजू आधी ऐका. दिवे मालवून.'

परत करताना अभिप्राय द्यावा लागे आणि नुसतं 'छान आहे' म्हणून भागत नसे. 'तिसऱ्या गाण्यातली ती जागा कशी वाटली?' असं काका विचारत. एकदा बाबांनी थाप मारली, ती लगेच पकडली गेली. त्या रात्री अकरापर्यंत टेप चालू होता!

अलिबागेत कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून मिळत. साठाची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटे. समुद्राकाठच्या दमट हवेत, पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी चढे आणि गायक पाण्याखालून गातोय असं वाटे. त्यामुळे कॅसेट द्यायची ती जिवाभावाच्या माणसालाच.

त्याआधी होता रेडिओ. मुंबई आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला बाबा पोस्टकार्ड पाठवत. फर्माईश करणाऱ्यांत स्वतःचं नाव, आम्हा भावंडांची, शेजारच्या बंडूचंसुद्धा. आईचं नसे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिला वाटत होतं का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

एका रविवारी काका घरी आले होते. टेपवर 'गीतरामायण' लागलं होतं, सगळी गाणी बाबूजींच्या आवाजातली. याहून वेगळा आवाज या गाण्यांना शोभलाच नसता, यावर दोघांचं एकमत झालं. तेवढ्यात चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "रेडिओवर वेगवेगळे गायक होते. माणिकताई होत्या, वसंतराव होते."

दोघे बघतच राहिले. आईचं माहेर पुण्याचं. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. वर्षभर, दर आठवड्याला, शेजारच्यांच्या रेडिओसमोर बसून तिने ते ऐकलं होतं. काकांनी तिला समोर बसवलं आणि तासभर प्रश्न विचारले. चहा निवला. पुढच्या आठवड्यात माणिक वर्मांच्या गाण्यांची कॅसेट आली. चिठ्ठीवर पहिल्यांदाच लिहिलेलं होतं : 'वहिनींसाठी'. ती कॅसेट तिने परत दिलीच नाही. काकांनीही मागितली नाही.

बाबा गेले, काकाही गेले. आई आता ऐंशी ओलांडून गेली आहे. नातीने तिला मोबाईलवर गाणी शोधायला शिकवलं आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिची आवड रोज सकाळी येऊ लागली. माणिकताई तर आहेतच, पण परवा तिने चक्क एक कोळीगीत पाठवलं. चाळीस वर्षं ज्या घरात टेपचं बटण तिच्या हाती आलं नाही, तिथे तिला इतकं काही ऐकायचं होतं!

गेल्या रविवारी तिने एक गाणं पाठवलं. मी नेहमीप्रमाणे लगेच अंगठा दाखवला. दोन मिनिटांत तिचा फोन.

"ऐकलंस?"

"हो, छान आहे."

"चार मिनिटांचं आहे ते," आई म्हणाली. "आणि दुसऱ्या कडव्यातली ती जागा?"