जामीनदार

१९८८ साली माझी बदली जवळा बाजारला झाली, तेव्हा हिंगोली जिल्हा अस्तित्वात यायला अकरा वर्षे होती. गाव परभणी जिल्ह्यात होते. औंढ्याचा नागनाथ जवळ, नामदेव महाराजांची नर्सीही फार लांब नाही. घरोघरी अभंग पाठ असलेल्या त्या मुलखात बाजाराच्या दिवशी कडुलिंबाखाली खंजिरी वाजवत एक म्हातारे गृहस्थ भजन म्हणत. पुढ्यात पोत्यावर शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका मांडलेल्या असत. मिशनच्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. गावात त्यांना सगळे ‘काका’ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

गंमत अशी, की ऐकणाऱ्या बायाबापड्यांना ते भजन नामदेवांचे की तुकोबांचे, हा प्रश्नच पडत नसे. एखादी म्हातारी पुस्तिकेला हात लावून नमस्कार करी आणि वर दहा पैसे ठेवी. काका ते पैसे तिच्या ओंजळीत परत घालत. भजन बहुधा रेव्हरंड टिळकांचे असे. नारायण वामन टिळक कवी म्हणून आपल्याला शाळेत भेटतात, पण मराठी माणसाला ख्रिस्त सांगायचा तर तो कीर्तन-भजनातून सांगावा, हा त्यांचा आग्रह आपण विसरतो. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्या एका निर्णयाने संसाराची काय दैना झाली, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागोमाग फरफटत नव्हे, तर काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने. हे पुस्तक मला काकांनीच दिले. मराठी कादंबरीकार म्हणवून घेण्याची स्वप्ने पाहणाऱ्या माणसाने ते तोवर वाचले नव्हते, हे सांगायला आज लाज वाटते.

मी त्यांची थट्टाही करीत असे. “काका, तुमचं या वर्षीचं टार्गेट किती?” ते हसून म्हणत, “साहेब, आम्ही पेरणारे. खळ्यावरचं माप घेणारा दुसरा.” माझ्या तीन वर्षांत त्यांच्या बोलण्याने कोणी धर्म बदललेला मी पाहिला नाही. त्यांनाही त्याची घाई दिसली नाही.

त्यांच्या शेजारी एक वारकरी शेतकरी होता. त्याने आमच्या शाखेतून विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज घेतले होते आणि जामीनदार म्हणून काकांची सही होती. माळकऱ्याला ख्रिस्ती जामीन, याचे गावात कुणाला नवल वाटत नव्हते. मलाच वाटले. ८८ च्या पावसाळ्यात तो शेतकरी आजाराने गेला. मागे बायको, पाच वर्षांचा मुलगा आणि बेचाळीसशे रुपयांची थकबाकी.

पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर जवळ आली. वरून वसुलीचा तगादा होता. विधवेकडे जायला माझे पाय धजेनात, म्हणून मी सोपा मार्ग काढला. जामीनदाराला नोटीस धाडली. काका दुसऱ्याच दिवशी आले, नोटिशीची घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मुदत किती?” मी म्हटले, “महिनाअखेर.” दोन शेळ्या विकून, पेन्शनीतले साठवलेले घालून त्यांनी सगळी रक्कम भरली. पावती नीट पाहिली. एवढेच म्हणाले, “बाईला सांगू नका. तिला वाटेल, मी मागायला येईन.”

नंतर १९९० ची कर्जमाफी आली. दहा हजारांपर्यंतची शेतकऱ्यांची थकबाकी माफ. तारीख मागची धरली होती, २ ऑक्टोबर १९८९. परिपत्रक वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. काकांनी पैसे भरले होते २९ सप्टेंबरला. मी नोटीस धाडली नसती, तर ते कर्ज आपोआप पुसले गेले असते. थकबाकीच उरली नव्हती, तर माफी कशाची? नियमानुसार माझे काहीच चुकले नव्हते. बँकेत असे बरेचदा होते. नियमाने सगळे बरोबर असते आणि रात्री झोप लागत नाही.

बरेच दिवस मी बाजाराच्या दिवशी लिंबाकडे पाहायचे टाळले. अखेर एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, “आमची प्रभूची प्रार्थना ऐकलीय का तुम्ही?” मी मान हलवली. तेव्हा त्यांनी सांगितले, की मत्तयाच्या मराठी पाठात तिथे अपराध हा शब्द नाही, ऋण आहे. आम्ही इतरांना ऋण सोडतो तसे तू आम्हाला सोड, असे रोज मागायचे. “मी चाळीस वर्षं म्हणतोय, साहेब. पण सोडायला माझ्याकडं कुणाचं ऋण होतंच कुठं? माझ्याकडून उसनं घेणार कोण! हे एक मिळालं.” आणि मग, जरा थांबून, “शेळ्यांचं मात्र वाईट वाटलं. एक गाभण होती.”

ही शेवटची ओळ मला अजून ऐकू येते. पहिले तेवढेच बोलले असते, तर मी त्यांना साधू म्हणून मोकळा झालो असतो.

१९९१ मध्ये माझी बदली झाली. गेल्या वर्षी नांदेडला लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून जवळा बाजारला उतरलो. लिंब दिसला नाही. काका जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या शेतकऱ्याचा मुलगा आता चाळिशीचा आहे, रस्त्यालगत त्याचे हॉटेल आहे. गल्ल्यामागे विठ्ठलाची तसबीर आणि खुंटीला एक जुनी खंजिरी. “शेजारच्या काकांची,” तो म्हणाला. “नाताळला आम्हाला केक द्यायचे. आईनं त्यांचं शेवटचं पाणी केलं. ते आमचे कोण, ते काही ठाऊक नाही.”

बाईंना सांगायचे नाही, असे मी कबूल केले होते. पण बाई आता नाहीत आणि मुलाला सांगू नका, असे काका म्हणाले नव्हते. मी सांगितले. तो बराच वेळ कपबशी पुसत राहिला. नंतर त्याने विचारले, “किती होते?”

मी आकडा सांगितला. निघताना चहाचे पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत.