पार्किंगमधल्या गाडीसाठी कॅमेरा लावताय? आधी खिडकीची काच बघा

मरोळच्या आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग मोजकंच, त्यामुळे माझी गाडी कंपाउंडच्या भिंतीलगत उभी असते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी डावा आरसा गायब! खिडकीत वायफाय कॅमेरा होताच, लगेच मोबाइलवर रेकॉर्डिंग उघडलं. दिसलं काय, तर नुसता पांढरा उजेड.

झालं असं, की अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. मध्ये काच असली की तो प्रकाश तिच्यावर आपटून परत लेन्समध्ये येतो. म्हणून कॅमेरा ग्रिलच्या बाहेर हवा, आणि मुंबईचा पाऊस बघता आयपी६६ रेटिंगचाच घ्या.

आता नंबर प्लेटचं गणित. माझ्या १०८० पिक्सेलवाल्या कॅमेऱ्याचा आडवा कोन साधारण ८५ अंश. १२ मीटरवर तो २२ मीटर रुंदी टिपतो. म्हणजे १९२० पिक्सेल भागिले २२, मीटरमागे ८७. अर्ध्या मीटरच्या प्लेटवर दहा अक्षरं, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४ पिक्सेल. काय वाचणार, कप्पाळ! दुकानदार हे सांगत नाही. त्यापेक्षा कोन अरुंद असलेली लेन्स बघा.

सतत रेकॉर्डिंग २ एमबीपीएसने केलं तर दिवसाला सुमारे २२ जीबी लागतात, १२८ जीबीचं कार्ड पाचेक दिवसांत भरतं. राउटरला छोटा यूपीएस जोडा. आणि शेजारच्या काकूंची खिडकी फ्रेममध्ये येत असेल, तर ॲपमधल्या प्रायव्हसी झोनने ती झाका. मला हे त्यांनीच ऐकवलं.