गढ्याचे सोने, तुंबाडची भूक

जबलपूर शहरातून मेडिकल कॉलेजच्या दिशेने निघाले की गढा लागतो. आज तो शहराचाच एक गजबजलेला भाग आहे. पण जबलपूरचे नाव मोठे होण्याआधी गढा ही गोंड राजांची राजधानी होती. डोंगरावर काळ्या-करड्या ग्रॅनाइटच्या अजस्र शिळा पसरलेल्या आहेत आणि त्यांतल्याच एका शिळेवर चिमुकला मदनमहाल उभा आहे. महाल कसला, टेहळणीची चौकीच ती!

इथे येणाऱ्या पाहुण्याला कोणीतरी एक गोष्ट हमखास सांगते. मदनमहालाच्या सावलीत, दोन शिळांच्या मध्ये नऊ लाखांचे धन पुरलेले आहे आणि त्यात सोन्याच्या दोन विटा आहेत! शिवाय महालातून एक भुयार थेट मंडल्यापर्यंत जाते, हेही सांगितले जाते. रस्त्याने मंडला सुमारे 95 किलोमीटर आहे. एवढ्या अंतराचे भुयार ग्रॅनाइटमधून कोणी आणि कशाने खोदले, असे विचारले तर सांगणारा नुसता हसतो. आणि 'दोन शिळांच्या मध्ये' ही खूण तर मोठीच गमतीची. त्या डोंगरावर दोन शिळांच्या मध्ये नाही, अशी जागा शोधूनच काढावी लागेल.

ही दंतकथा ऐकताना 'तुंबाड' चित्रपट आठवल्याशिवाय राहत नाही. 12 ऑक्टोबर 2018 रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटगृहे भरली नव्हती. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा मात्र त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवला. मधल्या काळात लोकांनीच एकमेकांना सांगून त्याला भयपटांतला अभिजात चित्रपट ठरवले होते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना याचे बीज नारायण धारपांच्या एका कथेत सापडले. नाव मिळाले श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. भाषा हिंदी असली तरी पाऊस, वाडा, सोवळे-ओवळे, सारे अस्सल मराठी!

कथा 1918 मध्ये सुरू होते. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याने सोने बळकावले, पण धान्यावर हात टाकताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात घेऊन वाचवले, मात्र त्याची पूजा कधीच होणार नाही या अटीवर. विनायकराव विहिरीतून त्या गर्भात उतरतो, भुकेल्या हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकतो आणि त्याच्या लंगोटीतून पडलेल्या मोहरा घेऊन वर येतो. पुढे तो आपल्या कोवळ्या मुलालाही हीच विद्या शिकवतो. आमच्या मते चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग राक्षसाचा नाही, तर हा आहे. बाप मुलाला दोरीवर चढाय-उतरायला शिकवतो आणि मुलगा त्या कामात बापाच्याही पुढे जायला बघतो!

हस्तर कोणत्याही पुराणात नाही, तो पटकथेत जन्मला. तरीही प्रेक्षकाला तो पुराणातलाच वाटतो, कारण धनावर बसलेला कोणीतरी 'राखणदार' आपल्याला आजीच्या गोष्टींतून आधीच भेटलेला असतो. गढ्यातही असा भयपट तयारच आहे. संग्रामसागर तलावाजवळचे बाजनामठ हे भैरवाचे मंदिर राजा संग्रामशाहच्या काळातले. एका तांत्रिकाने राजाचाच बळी देण्याचा डाव रचला होता, असे सांगतात. राजाला त्याची कुणकुण लागली. 'देवापुढे नमस्कार कसा घालायचा ते आधी तुम्हीच दाखवा,' असे तो म्हणाला आणि तांत्रिक वाकताच त्याचे मुंडके उडवले. विक्रम-वेताळ वाचलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

खजिना खरा होता!

गंमत म्हणजे गोंड राजांचे धन ही निव्वळ भाकडकथा नाही. 24 जून 1564 रोजी राणी दुर्गावती मोगल सरदार आसफखानाशी लढताना धारातीर्थी पडली. त्यानंतर आसफखानाने चौरागड जिंकला. तिथे अल्लाउद्दीन खिलजीच्या काळातल्या मोहरांनी भरलेले शंभर हंडे मिळाले, असे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. हत्ती हजार सापडले, पण आसफखानाने अकबराकडे धाडले फक्त दोनशे. पुढे हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा हा विजयी सरदार चक्क पळून गेला! म्हणजे इतिहासाला माहीत असलेला खजिना गढ्यात नव्हे, तर चौरागडावर होता आणि तोही साडेचारशे वर्षांपूर्वीच उचलला गेला.

मग लोकांचा विश्वास का सुटत नाही? बँका नव्हत्या तेव्हा माणसे खरोखरच मडक्यात पैसा घालून पुरत असत. कधीतरी नांगराला असे मडके लागते आणि त्या एका बातमीवर शंभर दंतकथा जगतात. बिचारे ते पडके वाडे आणि किल्ले! त्यांच्या भिंती आणि चौथरे याच हव्यासापायी उकरले जातात.

उकरणे एवढ्यावरच थांबले असते तरी ठीक होते. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात 1972 च्या अखेरीस हत्यासत्र सुरू झाले. गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे म्हणून बळी दिले गेल्याचे तपासातून पुढे आले. मारल्या गेलेल्यांत लहान मुली होत्या. तिथे कणकेची बाहुली नव्हती. याच प्रकरणावर अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून आपला पहिला चित्रपट 'आक्रीत' 1981 मध्ये काढला, त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात ना भूत आहे, ना राक्षस. पण तो पाहून झोप उडते, ती तुंबाडच्या विहिरीने उडत नाही. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात व्हायला मात्र 2013 साल उजाडावे लागले. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर!

'तुंबाड' हा फक्त प्रौढांसाठी असलेला चित्रपट आहे, तेव्हा घरातली लहान मुले झोपल्यावरच तो पाहावा. मदनमहाल मात्र मुलांना जरूर दाखवावा. जवळच एका शिळेवर जेमतेम टेकलेली दुसरी प्रचंड शिळा आहे. 22 मे 1997 च्या भूकंपात जबलपूरची कितीतरी घरे पडली, पण ती जागची हलली नाही. सोन्याच्या विटांपेक्षा हे नवल मोठे आणि ते पाहायला फावडे लागत नाही.

तरीही कोणाला तिथे काही सापडलेच, तर 1878 चा गुप्तधन कायदा लक्षात असू द्यावा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन मिळाले, तर आधी कलेक्टरला कळवावे लागते.